जिथं बोललात, तिथं सांगा

ज्या माणसामुळे आमच्या घरावर हलाखी आली, तोच माणूस पुढे आयुष्यभर दर रविवारी आमच्या दारात येत राहिला. घरात कोणी नवखं बसलेलं दिसलं की तो आपली ओळखही त्याच गोष्टीनं करून द्यायचा. "मी शालिकचा पाय घालवला. वरून खोटं बोललो." एवढं बोलून झालं की मगच चहाच्या कपाला हात. नाव-गाव त्याच्यानंतर. समोरच्या माणसानं कपाकडे बघावं की माझ्या बाबांच्या लाकडी पायाकडे, हे त्याला कळत नसे.

हलाखी म्हणजे काय तेही सांगते, कारण आता माझ्या नातवंडांना ती गोष्टीतली वाटते. आम्ही भंडाऱ्याकडचे. धानाची बांधी, म्हणजे भाताचं शेत, लहान, खाणारी तोंडं जास्त. भिलाईत लोखंडाचा कारखाना उभा राहून राहिला हे ऐकून बाबा आले आणि एका ठेकेदाराकडे खलाशी म्हणून लागले. खलाशी म्हणजे क्रेननं उचललेलं अवजड लोखंड जागेवर बसवणाऱ्या टोळीतला माणूस. भिलाईतल्या खुर्सीपार वस्तीत मातीच्या भिंती आणि टिनाचे पत्रे अशी एक खोली होती. बाबांचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, तेव्हा त्याच खोलीत ते भिंतीकडे तोंड करून पडले. चूक त्यांचीच ठरली होती, म्हणून ठेकेदारानं त्यांना कामावरून काढून टाकलं. आई रेजा झाली, डोक्यावर गिट्टीची घमेली वाहायला लागली. मी शाळा सोडली. चूल आणि धाकटा भाऊ माझ्याकडे आले. रात्रीचा भात पाण्यात घालायचा आणि सकाळी तोच खायचा. छत्तीसगडी शेजारीण त्याला बासी म्हणायची, आम्हीही म्हणायला लागलो. पण बाबांना पाय गेल्यापेक्षा दुसरंच काही लागलं होतं. ते खरं बोलले होते आणि एकाही माणसानं ते खरं मानलं नव्हतं. घरच्या माणसानंसुद्धा.

दर रविवारी येणारा तो माणूस म्हणजे मेटकाका, बाबांच्या टोळीचे मेट, म्हणजे प्रमुख. साइटवर सगळे त्यांना पादरी मेट म्हणत. ते पादरी नव्हते. नागपूरकडच्या रेल्वेतल्या ख्रिस्ती घरातले, मिशनच्या शाळेत शिकलेले. भिलाईत तेव्हा मराठी ख्रिस्ती घरं थोडी. खरे पाळक बाहेरगावाहून कधीमधी येत. एरवी तिथल्याच मरोद्याला एका टिनाच्या शेडमध्ये मंडळी जमायची आणि उपासना मेटकाका चालवायचे. तिथं त्यांची भाषा अगदी वेगळी. "हे दयाळू पित्या, आम्हां पाप्यांकडे कृपादृष्टीने पाहा," असं डोळे मिटून म्हणणारा माणूस दुसऱ्या दिवशी साइटवर ओरडे, "अबे, वायररोप पाहून घे ना बे. तुह्या सासऱ्यानं आंदन देल्ला का?" टोळीतली पोरं त्यांना विचारत, "मेट, तुमचा देव नागपुरी समजत नाही का?" ते म्हणत, "समजते. पण त्याच्यापुढे लाज वाटते."

दारू नाही, बिडी नाही, आईबहिणीवरून शिवी नाही. पगाराच्या दिवशी टोळी पिऊन पडली की एकेकाला खांद्यावर घेऊन घरी पोचवणार हेच. त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं, आणि सगळं बिघडलं ते या वजनामुळेच.

क्रेनवाला वर केबिनमध्ये बसलेला असतो. खाली कितीही माणसं हात हलवोत, तो एकाच माणसाकडे बघतो, ज्याच्या हातात झेंडी आहे त्याच्याकडे. मेटकाकांच्या टोळीत झेंडी मेटकाकांची. ती दुसऱ्याच्या हातात कधी जात नसे. त्या दिवशी उत्तम शुक्रवार होता, ज्याला आपण गुड फ्रायडे म्हणतो. ख्रिस्ती माणसासाठी वर्षातला सगळ्यात जड दिवस. दुपारी बारापासून तीनपर्यंत उपासना असते. शेडमध्ये मंडळी येऊन बसलेली, आणि इकडे गर्डर हुकाला लटकलेला, वर बोल्ट लावणाऱ्यांची तयारी काही होत नव्हती. बारा वाजत आले. मेटकाकांनी झेंडी माझ्या बाबांच्या हातात दिली. "शालिक, वरचे तयार झाले का हिरवी दाखवजो. बस. मी निघतो, लोक वाट पाहून राहिले."

लोड हवेत सोडून ते प्रार्थनेला गेले.

वारा सुटला तसा गर्डर डोलायला लागला. झेंडीवाल्यानं अशा वेळी लाल दाखवायची आणि मागं सरायचं, लोडाला हात लावायचा नाही. पण बाबांना झेंडी कोणी शिकवलीच नव्हती. ते खलाशी होते. लोड डोलला की धावत जाऊन धरायचा, एवढंच त्यांच्या हातापायांना ठाऊक. त्यांनी झेंडी टाकली आणि ते धावले. क्रेनवाल्याला खाली झेंडी दिसेना. त्यानं घाबरून लोड खाली सोडला, तो बाबांच्या पायावर.

चौकशीला मेटकाकांना साहेबांपुढे बोलावलं. तिथं ते म्हणाले, "मी झेंडी कोणाले देल्ली नाही. पाणी प्यायला बाजूला गेलो, तेवढ्यात यानं उचलली." बाबा दवाखान्यात होते. नंतर त्यांनी खरं काय ते सांगितलं, तर साहेबापासून शेजाऱ्यापर्यंत सगळे म्हणाले, पादरी मेट कायले खोटं बोलतीन? आईसुद्धा म्हणाली. "तुमाले हौसच होती झेंडीची. कावून उचलली? आता त्या देवमाणसावर आळ घेता." नळावर पाणी भरताना ती चार बायांना सांगायची, ह्यांनी आपल्याच हातानं पाय घालवला. बाबा काही दिवस बोलले, मग बोलायचे थांबले.

देवमाणूस मात्र येत होता. तांदूळ आणून द्यायचा, पत्रे गळायला लागले तर वर चढून डांबर लावायचा. आई त्यांच्यापुढे पदर सावरून उभी राहायची आणि आमच्या पुढ्यात नसलेला चहा त्यांना करून द्यायची. बाबा तेव्हा डोळे मिटून पडलेले असत. मंडळीत म्हणे मेटकाका त्या वर्षी प्रार्थना करता करता रडायचे. लोक म्हणत, किती कोवळं मन. पुढे कित्येक वर्षांनी ते मला म्हणाले, "पोरी, त्या वर्षी मी रोज रडत होतो. अन् रडून झालं का हलकं वाटे, भूक लागे, झोप येई. देवानं आपलं ऐकलं असं वाटे. रडत रडतबी माणूस त्याच रस्त्यानं पुढं चालत राहू शकते, हे मले समजलंच नाही."

पुढच्या उत्तम शुक्रवारी त्यांना शेडमध्ये वाचायचं होतं ते येशूच्या त्या शिष्याबद्दल, ज्यानं भीतीपोटी सांगितलं की मी या माणसाला ओळखत नाही. ते वाचायला उभे राहिले आणि त्या ओळीपर्यंत आले. पुस्तक मिटलं, बाहेर पडले आणि भर उन्हात मरोद्याहून खुर्सीपारापर्यंत चालत आले. पांढरा सदरा घामानं अंगाला चिकटलेला. आई त्या दिवशी घरी होती. ते आत आले, खाली बसले आणि बाबांच्या खाटेच्या माच्याला धरून म्हणाले, "वहिनी, झेंडी मीच देल्ली होती. शालिक खरं बोलला."

बाबा भिंतीकडेच बघत राहिले. आईच्या हातात पिठाची परात होती, ती तिनं हळूच खाली ठेवली. मेटकाका रडायला लागले, देवाचं नाव घ्यायला लागले. आई त्यांना म्हणाली, "रडू नका. रडायचं तुमी तिकडे रडा, तुमच्या शेडमंदी. मले एक सांगा, थे खोटं तुमी इथं बोलले होते का?"

"नाही."

"मंग इथं कायले सांगता? जिथं बोललात, तिथं सांगा."

"सांगतो, वहिनी."

"उद्या सांगा. मी येतो संगं. तुमच्या शब्दावर मी एकडाव विश्वास ठेवला, आता पाहूनच ठेवीन."

दुसऱ्या दिवशी आई घमेलं बाजूला ठेवून त्यांच्यामागे ऑफिसात गेली. तिथं साहेब होते, त्यांना मराठी कळत नव्हती. मेटकाकांनी हिंदीत सांगितलं. साहेब वैतागले. "अरे भाई, एक साल हो गया। मामला खत्म। अब क्यों उखाड़ रहे हो? फोरमन की तरक्की के लिए तुम्हारा नाम ऊपर गया हुआ है।" मेटकाका म्हणाले, "साहब, नाम वापस मंगा लो। झंडी मैंने दी थी।" आई हे सांगायची तेव्हा हटकून म्हणायची, "मले तं हिंदी येत नव्हती, पण मेटची मान पाहून समजलं."

तिथून ते टोळीकडे गेले आणि उभ्या टोळीला सांगितलं. रविवारी पुनरुत्थानाच्या दिवशी, म्हणजे ईस्टरला, सगळे आनंदात गात असताना, मंडळीला सांगितलं. मंडळीतले वडीलधारे रागावले. एक जण म्हणाले, "ही गोष्ट तुमच्यात आणि प्रभूत होती. चार परक्या लोकांपुढे प्रभूच्या नावाला बट्टा कशाला लावला?" तेव्हा मेटकाकांनी जे उत्तर दिलं ते मी त्यांच्याच तोंडून पुढे अनेकदा ऐकलं. "थो बट्टा लागू नये म्हणूनच तं मी खोटं बोललो होतो. प्रार्थनेपायी माणूस लंगडा झाला असं लोकायनं म्हणू नये म्हणून. प्रभूले वाचवायले निघालो होतो मी."

त्यांची होऊ घातलेली फोरमनकी गेली, मेटपणही गेलं. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या पोराच्या टोळीत ते साधे खलाशी झाले. शेडमध्ये उपासना चालवणं त्यांच्याकडून काढून घेतलं आणि ते मागच्या चटईवर बसायला लागले. बाबांना बसून करण्यासारखं काम मिळालं, टूल स्टोअरमध्ये हत्यारं देणं-घेणं. सकाळी कुबड्या घेऊन बाबा पहिल्यांदा निघाले तेव्हा गल्लीतली माणसं दारात उभी होती. पाय गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदा लोकांच्या नजरेला नजर देताना पाहिलं.

मेटकाकांना आईनं पुढे कित्येक वर्षं माफ केलं नाही. त्यांचा तिला राग होता, पण त्याहून मोठा राग तिला स्वतःचा होता. आपल्या माणसाला आपण खोटं म्हटलं, तेही परक्याच्या शब्दावर, हे तिच्या मनातून जाईना. बाबांपुढे ती कधी त्याबद्दल बोलली नाही. नवऱ्यापुढे चुकलं म्हणायची रीत तिला माहीतच नव्हती. तिनं केलं काय, तर नळावर गेली. जिच्या जिच्याजवळ बाबांची निंदा केली होती, तिला तिला थांबवून म्हणाली, "बाई, मी त्या वक्ती जे बोलली थे खोटं होतं. आमचे हे खरे होते." एक शेजारीण गावी परत गेली होती. कुणी तिकडचं भेटलं की आई निरोप धाडायची, तिले सांगजा. बाया हसल्या, म्हणाल्या, "काय पादरीण झाली का वं?" आई कधी शेडमध्ये गेली नाही. तुळशीला पाणी घालणं तिनं एक दिवस सोडलं नाही. पण मेटकाकांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "मी इतके वर्ष पश्चात्तापावर बोललो. वहिनीनं नळावर करून दाखवला."

मी पुन्हा शाळेत गेले ती बाबांना काम मिळाल्यावर. वयानं मोठी, वर्गात सगळ्यात उंच. लाज वाटायची, पण सोडली नाही शाळा. पुढे दुर्गला कॉलेजात गेले. आमच्या घराण्यात बी.ए.पर्यंत पोचणारी मी पहिली, मुलींत तर पहिलीच आणि मुलांतही पहिली. हे मी मुद्दाम सांगते, कारण मला ते सांगायला आवडतं.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना गोंदियाकडचं एक स्थळ मला बघायला आलं. रविवार होता. आईनं मेटकाकांना आधीच बजावलं होतं, "भाऊजी, आज तेवढं बोलू नका." ते मान हलवून कोपऱ्यात बसले. सगळं बरं चाललं होतं. मग मुलाच्या वडिलांनी सहज विचारलं, "आपण कोण? मुलीचे काका का?" मेटकाकांनी आईकडे बघितलं, आईनं डोळे वटारले. मेटकाका म्हणाले, "नाही जी. मी शालिकचा पाय घालवणारा." पाहुण्यांना चहाचा ठसका लागला. ती माणसं पुन्हा आली नाहीत. आई तीन-चार रविवार मेटकाकांशी बोलली नाही. मी मात्र मनातून खूश होते, मला परीक्षा द्यायची होती.

"पण रोज रोज कायले सांगता, काकाजी?" मी त्यांना त्यानंतर विचारलं. "एकदा सांगितलं, झालं ना."

"खोटं तं आपल्या पायानं फिरते. थे कुठं कुठं पोचलं मले काय माहीत. मंग त्याच्यामांगं मलेबी फिरा लागते."

कॉलेजात जाऊन माझी जीभ जरा लांब झाली होती. मी म्हटलं, "इतकं सगळं केलं, पण बाबांची माफी तुम्ही एकदाही मागितली नाही. मी कधी ऐकली नाही."

त्यांनी आपल्या तळहातांकडे बघितलं. वायररोपनं कातरलेले हात. "माफी मागणं म्हंजे तुह्या बापाले अजून एक काम सांगणं. त्याच्यापासून मी आधीच लय घेतलं." मग म्हणाले, "आमच्या शास्त्रात दोघं जण हायेत. एकानं प्रभूले विकलं, एकानं ओळखत नाही म्हटलं. दोघंबी पस्तावले. एकानं जीव देल्ला. दुसरा परत गेला, अन् ज्याले ओळखत नाही म्हटलं त्याच्याच समोर जाऊन उभा राहिला. बस, फरक एवढाच. पस्तावा दोघायलेबी झाला. परत एकच गेला."

बाबा तिथंच खाटेवर होते. ते म्हणाले, "आमच्यात तं बरं हाये, मेट. गंगेत डुबकी मारली का झालं."

"तुमची गंगा लांब हाये, शालिक. मले खुर्सीपारच जवळ पडते."

बाबा हसले. त्या दोघांत जे काय होतं त्याला मैत्री म्हणावं का, हे मला अजूनही ठरवता येत नाही. रविवारी ते एकमेकांसमोर बसायचे, कारखान्यातल्या गोष्टी करायचे, नवी भट्टी कशी पेटली, कोणता लोड कसा चढवला. लाकडी पायाचा पट्टा सैल झाला तर मेटकाका खाली बसून आवळून द्यायचे. बाबा पाय पुढे करायचे आणि दुसरीकडे बघायचे.

मेटकाका गेले ते छातीच्या दुखण्यानं, माझा निकाल लागायच्या आधी. शेवटच्या दिवसांत बाबा त्यांच्या क्वार्टरवर गेले, मी बरोबर होते. बाबा खाटेजवळ बसले, कुबडी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "मेट, एक सांगाचं राहिलं. त्या दिवशी तुमी झेंडी देल्ली तवा मले सांगता आलं असतं का मले येत नाही. मी नाही सांगितलं. माह्या मनात लय दिवसांपासून होतं, एकडाव झेंडी आपल्या हाती यावी. माह्या बायकोनं हौस म्हटलं थे काही अगदीच खोटं नव्हतं. हे मी कोणाले बोललो नाही. तुमी एकटेच वाहत राहिले."

मेटकाकांना श्वास पुरत नव्हता. त्यांनी हात हलवून नाही म्हटलं. "तुले शिकवलं नव्हतं. थे माह्याकडेच राहू दे." मग थांबून, "पण तू सांगितलं, बरं केलं."

परत येताना बाबा कुबडी टेकत सावकाश चालत होते. म्हणाले, "घरी जाऊन तुह्या आईलेबी सांगतो." आणि सांगितलं. आईनं ऐकून घेतलं, म्हणाली, "मले माहीत होतं. हौस होती म्हणून पायच जावा, असं थोडीच हाये." बाबांचा पाय गेल्यापासून त्या दोघांना इतकं मोकळं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

मरोद्याच्या मंडळीनं मेटकाकांना मातीत ठेवलं तेव्हा आई पहिल्यांदा त्या लोकांत जाऊन उभी राहिली. पाळकांनी विचारलं, कोणाला काही बोलायचं आहे का. बाबा पुढे झाले. साइटवरची माणसं, मंडळीतली माणसं, सगळी होती. बाबा एवढंच म्हणाले, "या माणसानं मले झेंडी देल्ली होती, अन् थे त्यानं सगळ्यायले सांगितलं." मग मूठभर माती टाकली.

त्या उन्हाळ्यात मी बी.ए. झाले. बाबा नोकरीत कायम झाले, टूल स्टोअरच्या किल्ल्या त्यांच्या स्वाधीन झाल्या आणि निवृत्त होईपर्यंत त्यांच्याजवळच राहिल्या.